कारल्यातला जवळा

हादग्याच्या गाण्यातली ती सासू आठवते ना? सून माहेरी जायला निघाली, की ती तिला आधी कारल्याचा वेल लावायला सांगते. वेल लावून झाला की म्हणते, आता कोंब येऊ दे, मग फूल येऊ दे, मग कारले लागू दे, मग त्याची भाजी होऊ दे. एक निमित्त संपले की दुसरे तयार. लहानपणी शहापूरला आमच्या गल्लीत पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून हे गाणे आम्ही घसा फोडून म्हणत असू. मला तेव्हाही प्रश्न पडायचा, की या सासूला सगळ्या भाज्या सोडून कारलेच का सुचले? दोडका का नाही, पडवळ का नाही? आता कॉलेजात मराठी शिकवते. लोकगीतांचा तास असला की मुलींना हाच प्रश्न विचारते. मुली हसून म्हणतात, "मॅडम, सासू कडू म्हणून!" उत्तर काही वाईट नाही. पण कारले आवडीने खायला मला माझ्या सासूनेच शिकवले, आणि तेही सुका जवळा घालून, असे सांगितले की वर्गात "ईऽऽ" असा एकच आवाज उठतो.

एका वस्तूला तीन नावे असणे आपल्या भागात नवे नाही. मराठीत कारले, कन्नडात हागलकायी आणि घाट उतरून कारवारकडे गेले की कोकणीत कारातें. नावे तीन, पण कडूपणाबद्दल तिन्ही भाषांचे एकमत. मराठीत म्हणतात, कडू कारले तुपात तळले, साखरेत घोळले, तरी कडू ते कडूच. कन्नडात त्याहून मजेदार म्हण आहे, 'हागलकायीगे बेविनकायी साक्षी'. कारल्याचा साक्षीदार कोण, तर निंबोळी! एका लबाडाची साक्ष दुसऱ्या लबाडाने काढावी तसे. आमच्या घरी दोन्ही म्हणी चालतात. कोणती कोणावर पडेल, ते त्या दिवशीच्या घरातल्या हवामानावर.

माझ्या माहेरी कारले करणे म्हणजे कडूपणा झाकण्याची कला होती. आई कारली खरवडायची, मीठ चोळून ठेवायची, घट्ट पिळायची, मग दाण्याचे कूट, तीळ, चिंच आणि भरपूर गूळ भरून दोऱ्याने बांधायची. शेजारच्या कन्नड काकू हागलकायीचे गोज्जु करायच्या, त्यातही चिंच-गूळ सढळ. खाताना आपण कारले खातो आहोत असे वाटूच नये, यातच त्या स्वयंपाकाचे यश. मला ते आवडायचे, आजही आवडते. मटण आमच्याकडे रविवारी व्हायचे, मासे क्वचित. सुके मासे मात्र घरात कधी आले नाहीत.

२००३ मध्ये लग्न होऊन मी ज्या घरात आले, ते मूळचे कारवारजवळच्या एका गावचे. कोकणीत सासूला मांय म्हणतात. मीही पहिल्या दिवसापासून मांयच म्हणते. मांयचा जन्म १९४३ चा. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत कारवारचा जिल्हा मुंबई राज्यात होता आणि तिकडे मराठी शाळा पुष्कळ होत्या. मांय चौथीपर्यंत अशाच एका मराठी शाळेत शिकल्या. त्यामुळे वाचन मराठी, घरात कोकणी, बाजारात आणि कचेरीत कन्नड. सासरे गेल्यावर २००९ साली त्या कायमच्या आमच्याकडे बेळगावला आल्या, तेव्हा सामानात दोनच गोष्टी त्यांनी स्वतःच्या हातात धरल्या होत्या. एक देवाची पेटी आणि दुसरा पत्र्याचा डबा. रामनगर, जोयडा, अणशी घाट असा तो सगळा वळणावळणाचा रस्ता, पण डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. डब्यात जवळा होता.

जवळा म्हणजे बोटाच्या पेरापेक्षाही लहान, जवळजवळ पारदर्शक अशी समुद्रातली इवली कोळंबी. मांय त्याला गालमो म्हणतात, आपल्या कन्नड बाजारात ओण सिगडी. हा जवळा किनाऱ्यावर उन्हात वाळवतात. बांगडा-सुरमईला खारवायला जसे मीठ लावतात, तसे याला सहसा लावत नाहीत. अंगच एवढे बारीक की कडक उन्हात तो लवकर वाळतो. जो खारटपणा असतो तो समुद्राचा. कर्नाटकच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. ही बंदी कायद्याने आली. पण कायदा नव्हता तेव्हाही खवळलेल्या दर्यात कोण जात होते? म्हणून मे महिन्यातच पावसाळ्याची बेगमी करून ठेवायची. गोव्यात या बेगमीला पुरुमेंत म्हणतात. सुके बांगडे, जवळा, आमसुले, उकडा तांदूळ, मिरची, कुमट्याच्या गोड कांद्याच्या वेण्या. बाहेर पाऊस कोसळत असतो, ताज्या भाजीची मारामार असते, परसातल्या मांडवावर कारल्याचा वेल मात्र लगडलेला. तेव्हा जे घरात आहे आणि जे मांडवावर आहे, ते एका कढईत जाणारच. ही भाजी कोणा बल्लवाचार्याने शोधून काढली असेल असे मला वाटत नाही. पावसाने भाग पाडले म्हणून ती झाली असणार.

आता कृती सांगते, पण मांय करतात तशी. पाव किलो कारली घ्यायची, गडद हिरवी, फार जून नकोत. आतली बी लालसर झाली असेल तर ती काढायची, कोवळी असेल तर राहू द्यायची. वरचे काटे अगदी हलके खरवडायचे. उभी चिरून अर्धचंद्रासारखे पातळ काप करायचे. मीठ-हळद लावून अर्धा तास ठेवले की मिठाने पाणी सुटते, त्या पाण्याबरोबर थोडा कडूपणाही निघतो. मुठीत धरून पिळायचे. हे झाले कारल्याचे.

खरे काम जवळ्याचे. एक वाटी जवळा आधी चाळायचा, कारण त्यात वाळू असते, आणि कढीत माशी परवडली पण जवळ्यात वाळू नको. मग कोरड्या तव्यावर मंद आचेवर भाजायचा. गार झाला की तळहातावर हलकेच चोळायचा, मिशा नि पाय सुटतात, ते सुपात पाखडून टाकायचे. नंतर एकदाच पाण्यातून काढून लगेच पिळून ठेवायचा. भिजत ठेवला की संपला, त्याचा भुगा होतो.

कढईत तीन चमचे खोबरेल. खाण्याचे खोबरेल हा शब्द ऐकूनच बेळगावात निम्मे लोक पाठ फिरवतात, त्यांनी शेंगदाण्याचे घ्यावे, पण मग ही भाजी घाटावरची झाली असे समजावे. मोहरी तडतडली की अर्धा चमचा उडदाची डाळ, ती तांबूस झाली की चार लसूण पाकळ्या ठेचून, दोन ब्याडगी मिरच्या मोडून आणि कढीपत्त्याची एक काडी. कढीपत्त्याला कन्नडात करिबेवु म्हणतात, म्हणजे काळा कडुनिंब, तेव्हा निंबोळीची नसली तरी तिच्या नावाची साक्ष इथेही आहेच. मग कांदा, मग कारले. झाकण ठेवायचे नाही. झाकले की कारले वाफेने लिबलिबीत होते. उघड्यावर परतत राहायचे, कडा तपकिरी होईपर्यंत. शेवटी जवळा, दोन आमसुले, मूठभर ओले खोबरे. जवळा पडल्यावर पाच मिनिटांत उतरवायचे. गूळ नाही. मी पहिल्यांदा गुळाचा डबा पुढे केला तेव्हा मांयनी तो परत फडताळात ठेवला आणि काही बोलल्या नाहीत. सोबत उकड्या तांदळाची पेज.

या भाजीपायी आम्हाला एक घर सोडावे लागले, हेही सांगून टाकते. भाड्याचे घर होते, मालक खाली राहायचे. भाडे ठरवताना मांसाहाराला त्यांची हरकत नव्हती. पण तव्यावर जवळा पडला की त्याचा वास जिन्याने खाली उतरतो, दाराखालून आत शिरतो आणि सोफ्यावर बसतो. तिसऱ्या वेळी मालक वर आले आणि नम्रपणे म्हणाले, की चिकन करा, मटण करा, "इदु मात्र ब्याडरी". मला त्यांचा राग आला नाही असे नाही. पण ज्याला सवय नाही त्याला तो वास काय वाटत असेल हे मला ठाऊक होते, कारण मी स्वतः लग्नानंतर सहा महिने नाकाला पदर लावूनच त्या स्वयंपाकघरात वावरले होते.

इथवरची हकीकत कुठल्याही घरची आहे. माझ्या मनात जे घर करून राहिले ते पुढचे आहे.

२०२१ च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत, मांयना कोरोना झाला. वय ७८. बाहेर लॉकडाउन, दवाखान्यात जागा मिळेना, घरीच त्या तेरा दिवस एका खोलीत होत्या. मी दुसऱ्या खोलीतून ऑनलाइन तास घेत होते आणि मध्येच कान देऊन त्यांचा खोकला ऐकत होते. त्या वाचल्या. ताप गेला, खोकला गेला, ऑक्सिजनचा आकडा ठीक झाला. वास मात्र गेला तो गेलाच. उदबत्तीचा नाही, मोगऱ्याचा नाही, उतू जाऊन करपलेल्या दुधाचासुद्धा नाही. पहिल्या महिन्यात आम्ही म्हणालो येईल. ज्यांचा गेला होता त्यांच्यापैकी बहुतेकांचा आला. मांयचा येईना, आणि त्यांनी जेवण सोडले. सोडले म्हणजे हट्टाने नव्हे. ताट पुढे घेत, दोन घास खात, आणि "माती खाल्ल्यासारखे लागते गो" म्हणून बाजूला सारत. सप्टेंबरात आणखी वाईट दिवस आले. वास परत येऊ लागला, पण उलटा. कांदा परतला की त्यांना रबर जळल्यासारखे वाटे, कॉफीची दुर्गंधी येई. डॉक्टर म्हणाले, असे होते, मज्जातंतू नव्याने जुळताना तारा चुकीच्या जागी लागतात. आमच्या डोळ्यांसमोर तीन महिन्यांत त्यांचे वजन सहा किलो उतरले. पातळ नेसल्यावर निऱ्यांचा बोंगा होऊ लागला तेव्हा माझे यजमान पहिल्यांदा घाबरले.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी एक व्यायाम सांगितला. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी असे चार वास, रोज सकाळ-संध्याकाळ, एकेक जवळजवळ वीस सेकंद, मनात तो वास आठवत हुंगायचा. निदान तीन महिने. मांयनी चार डब्या मांडल्या आणि दुसऱ्या दिवशी पाचवी मांडली. त्यात जवळा. डॉक्टर हसले, म्हणाले चालेल. रोज सकाळी आंघोळ करून देवासमोर बसावे तशा त्या त्या पाच डब्यांसमोर बसत. काही येत नसे. तरी बसत.

त्याच दिवसांत मी एकदा कारली चिरत होते. मांय सहज शेजारी येऊन बसल्या, मीठ लावायच्या आधीचा एक काप त्यांनी तोंडात टाकला आणि डोळे मोठे केले. "कोडू लागता!" नवीन मूल पहिल्यांदा बोलावे तशा आवाजात म्हणाल्या, कडू लागते!

पुढे मी याबद्दल वाचले तेव्हा उलगडा झाला. आपण ज्याला चव म्हणतो तिच्यातला मोठा वाटा नाकाचा असतो. जीभ एकटीने ओळखते ते थोडेच, गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसामाशांतली ती रुचकर गोडी. तिखट तर चवच नव्हे, ती आग आहे. आंबा आणि पपई यांतला फरक, कोथिंबिरीचे कोथिंबीरपण, हे सारे नाकाचे. म्हणजे मांयचे नाक बंद झाले तेव्हा आम्ही त्यांच्यासाठी करत होतो ते साजूक वरण-भात, दूधपोळी, शिरा, हे सगळे मऊ पदार्थ त्यांच्यासाठी खरोखर मातीच होते. आणि ज्या कडूपणावर माझ्या आईने आयुष्यभर गुळाची पांघरुणे घातली, तो एकटाच पडदा फाडून त्यांच्यापर्यंत पोचला होता.

"पिळूं नाका," त्या म्हणाल्या. पिळू नकोस.

त्या दिवसापासून आमच्या घरी कारले पिळणे बंद झाले. मीठ लावून ठेवणेही गेले. त्यांचा रक्तदाब सांभाळणाऱ्या डॉक्टरांना तेवढेच बरे वाटले. कांदा गेला, कारण तो त्यांना सोसत नव्हता. आमसुले दोनाची चार झाली. जवळा वास देत नसला तरी दाताखाली कुरकुरत होता. पहिल्या आठवड्यात त्यांनी वाटीभर पेज संपवली. पुढच्या आठवड्यात दोन वाट्या. कारल्याने मधुमेह पळतो, अमके बरे होते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यावर औषधे बंद करून बसणारेही भेटतात. तसला चमत्कार मी सांगत नाही. त्यांना काहीतरी लागले, म्हणून त्या जेवल्या, एवढेच.

अडचण आली ती जवळा भाजण्याची. इतकी वर्षे तो मांयच भाजत, मला जवळ येऊ देत नसत. कधी उतरवायचा विचारले तर म्हणत, "वास येता तेन्ना." आता वास येणार कोणाला? त्या तव्यापाशी उभ्या राहत, मी मागे. दर अर्ध्या मिनिटाला मला विचारत, "वास आयलो गो?" आला म्हटले की पुढचा प्रश्न, "कसलो?"

वीस वर्षे भाषा शिकवून मला त्या प्रश्नाचे उत्तर देता येईना. मग शब्द शोधू लागले, आणि शोधू लागल्यावर कळले की मराठीत ते खूप आहेत, आपण वापरत नाही. तव्यावर पडताच जवळ्याचा वास वशाट असतो. मग तो हिंवस सोडतो आणि नुसता खारा होतो, भरतीच्या वेळी किनाऱ्यावर येतो तसा. त्यानंतर थोडा वेळ काहीच नसते. मग एकदम खमंग, भाजक्या शेंगदाण्याच्या जवळपासचा. हा खमंगपणा अर्धा मिनिट टिकतो. लगेच खरपूस, आणि खरपूसनंतर पापणी लवायच्या आत करपट. मांयना हवा असे तो खमंग आणि खरपूस यांच्या उंबऱ्यावरचा. मी "खमंग" म्हटले की त्या म्हणत थांब. मी "खरपूस होतोय" म्हणेपर्यंत तवा खाली. माझी मुलगी कन्नडात मदत करी, "घमघम अंत बरतद अज्जी!" घमघम दोन्ही भाषांत आहे, ती सोय. जळल्या वासाला कन्नडात सीद वासने म्हणतात, तो शब्द मात्र आमच्या तव्यावर फक्त दोनदा आला. पुढे पुढे मांय कानानेही ओळखू लागल्या. ओलसर जवळा तव्यावर गप्प सरकतो, भाजला की वाळल्या पानांसारखा वाजतो. तवा हलवून त्या ऐकत, आणि माझ्याकडे बघत. मी मान हलवी.

वास पुरता परत आला नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात मोगरा आला, मग लवंग, मग पावसाच्या सुरुवातीला मातीचा. पाचव्या डबीतला जवळा सगळ्यांत शेवटी आला आणि तोही, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, "दोन घरां सोडून कोणी भाजता" असा. आता मांयची ऐंशी उलटली आहे. वजन जवळजवळ भरून आले. कांद्याशी मात्र अजून वैर आहे.

मुलगी शिकायला बंगळुरूला असते. खोलीवर तीन मैत्रिणी, त्यांतली एक उडुपीकडची, तिला हा वास नवा नाही. मध्यंतरी मुलीने ही भाजी केली आणि फोटो पाठवला. यजमान बघून म्हणाले, "कांदा कुठाय? कुमट्याच्या कांद्याशिवाय कसली आईची भाजी?" मुलगी म्हणाली, "पप्पा, अज्जीच्या भाजीत कांदा नसतोच. आणि कारले पिळायचेही नसते." तिला आठवते ती २०२१ नंतरचीच भाजी. दोघांचा फोनवर बराच वेळ वाद चालला, अर्धा मराठीत, अर्धा कन्नडात. मांय शेजारीच बसल्या होत्या. कोणाची बाजू त्यांनी घेतली नाही, उलट त्या वादात त्यांना मजाच वाटत होती.

या मे महिन्यात कारवारहून रविवारच्या संतेतला दोन किलो जवळा नातलगांनी एस. टी.तून पाठवला. जाळीवर वाळवलेला दिसत नाही, बहुधा सरळ रेतीवरच पसरला असावा. तीनदा चाळला तरी वाळू निघतेच आहे. मांयनी चष्मा लावून सूप मांडीवर घेतले आहे आणि दुपारपासून कोळ्यांना नावे ठेवत बसल्या आहेत.